बुकवर्म ते ट्रिक्सी: माझ्या ओळी जागेवर राहिल्या

फोंड्याच्या घरातला सर्व्हर (म्हणजे जुना लॅपटॉप) चवथीआधी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२व्या आवृत्तीवरून (बुकवर्म) १३व्या आवृत्तीवर (ट्रिक्सी) न्यायचा होता. काल रात्री ते काम झालं. बाबांनी जत्रांत टेप केलेली नाटकं आणि भजनं त्यावर आहेत, पुण्याचा धाकटा भाऊ वायरगार्डवरून (इंटरनेटमधला खाजगी बोगदा) ती ऐकतो. त्यामुळे यंदा घाई केली नाही.

११ वरून १२ वर जाताना घाईच नडली होती. रात्री एकच्या सुमारास एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) कॉन्फिग फाइलबद्दल, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलबद्दल, निळा पडदा आला: तुमची ठेवू की पॅकेजची (प्रोग्रामसोबत आलेली) घालू? मी पॅकेजची घातली. माझी ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ (पासवर्डने लॉगिन बंद) ही ओळ गेली आणि चार दिवस पासवर्डचं दार उघडं राहिलं. लॉगमध्ये अनोळखी आयपी दार ठोठावताना दिसले तेव्हा पोटात गोळा आला. जुनी फाइल शेजारीच ‘यूसीएफ-ओल्ड’ शेपटी लावून ठेवलेली होती, म्हणून निभावलं.

तेव्हापासून हा प्रश्न नेमका कधी विचारला जातो ते नीट समजून घेतलं. डीपीकेजी (डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) पॅकेजसोबत आलेल्या कॉन्फिग फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) लिहून ठेवतो आणि अपग्रेडच्या वेळी तीन गोष्टी ताडून पाहतो: पूर्वी दिलेली फाइल, डिस्कवरची फाइल आणि नवी फाइल. आपण हात लावला नसेल तर नवी गुपचूप बसते. फक्त आपणच बदल केला असेल तर आपली राहते. दोन्हीकडून बदल असेल तरच विचारणा होते, आणि नुसतं एंटर दाबलं तर आपलीच टिकते. मुद्दाम पुसलेली फाइलही तो परत आणत नाही, कारण पुसणं हाही आपला बदलच. कुणीतरी वापरणाऱ्याचा इतका बारीक विचार केला, याचं मला मनापासून कौतुक आहे. एसएसएचची फाइल यूसीएफ हा वेगळा प्रोग्राम सांभाळतो, पण त्याचीही पद्धत अशीच.

म्हणून या वेळी आधी एसएसएचची मुख्य फाइल पॅकेजची होती तशी करून टाकली. माझी ओळ ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमध्ये ‘१०-घर.कॉन्फ’ या वेगळ्या फाइलीत गेली. डेबियनच्या मुख्य फाइलीत इन्क्लूड (त्या फोल्डरमधल्या फाइली ओढून घेणारी ओळ) वरच असतो आणि एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) पहिली सापडलेली किंमत धरतो, त्यामुळे माझंच चालतं. काल या फाइलीवरून एकही प्रश्न आला नाही. प्रत्यक्ष लागू सेटिंग्ज दाखवणारं ‘एसएसएचडी -टी’ (कॅपिटल टी) चालवून पाहिलं: पासवर्डऑथेंटिकेशन नो.

खरी गोम सिस्कंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज) होती. भावाला वायरगार्डवरून घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत पोचायला लागणारी आयपी फॉरवर्डची ओळ मी कधीकाळी ‘सिस्कंट्रोल.कॉन्फ’मध्ये लिहिली होती. ट्रिक्सीत सिस्टमडी (यंत्र सुरू होताना सगळं मांडणारा प्रोग्राम) ती फाइल वाचतच नाही. रिलीज नोट्स आधी वाचल्या म्हणून सापडलं, नाहीतर ओळ ईटीसीत (कॉन्फिग फाइलींचा फोल्डर) सुखरूप राहिली असती आणि भावाला मात्र बाकी यंत्रांपर्यंत पोचता आलं नसतं. ती आता ‘सिस्कंट्रोल.डी’मध्ये आहे. रीबूट करून किंमत पाहिली, १ आली.

ईटीसीवर ईटीसीकीपर (तिथल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) बसवलेला आहे. एपीटी (पॅकेजं आणून अपग्रेड करणारी आज्ञा) चालण्याआधी आणि नंतर तो स्वतःच गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास) नोंद करतो, पण बदल का केला हे त्याला कुठून कळणार? ते मी कॉमिट (गिटमधली नोंद) करताना मराठीत लिहितो.

सांबाची (नेटवर्कवर फाइली वाटणारा प्रोग्राम) फाइल अजून जुन्या पद्धतीचीच आहे. ती या रविवारी, वीज टिकली तर.