कट्ट्यावरची सावली

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं, लांबुडकं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे रस्त्याकडे आणि मागे परसात. स्वयंपाकघर अगदी शेवटी. पूर्वी वर मंगळुरी कौलं होती, त्यात दोन काचेची. दुपारी बारा वाजता उन्हाचा चौकोन बरोबर चुलीपाशी यायचा, असं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून सांगतात. कौलं जाऊन स्लॅब पडला, चौकोनही गेला. राहिली दारावरची एक ट्यूब. बेळगावच्या पावसात, जून ते सप्टेंबर, ती भर दुपारीसुद्धा लावावी लागते.

स्वयंपाकघर नवीन करायचं ठरलं तेव्हा ग्रॅनाइट, टाइल्स आणि कपाटांवर महिनाभर वाद झाले. दिव्यांवर पाच मिनिटंही नाहीत. वायरमन गोकाककडचा, मराठी-कानडी एकत्र करून बोलणारा. तो म्हणाला, "अक्का, पीओपी मारून आठ डाउनलाइट टाकू, बारा वॉटचे. बेळकु फुल्ल!" म्हणजे प्लास्टरचं खोटं छत, त्यात बसवलेले दिवे आणि भरपूर उजेड. मी हो म्हणणारच होते.

त्याच आठवड्यात मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ताटात भरल्या वांग्यातून अळी निघाली. मामा काही बोलले नाहीत, नुसतं ताट सरकवलं. आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वीच झालेलं, म्हणून आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आत्या भडकल्या. "माझं डोळं बरं आहेत. तुमचा दिवा माझ्या पाठीला दिसतोय, हाताला नाही."

मी स्वयंपाकाच्या कट्ट्याशी उभी राहून बघितलं. खरंच, विळीवर माझ्याच डोक्याची सावली.

रात्री आम्ही एक उद्योग केला. एक्स्टेंशनला नऊ वॉटचा बल्ब लावला, नवरा स्टुलावर चढला आणि आत्या कट्ट्याशी वांगं घेऊन उभ्या राहिल्या. बल्ब खोलीच्या मध्यावर धरला की सावली हातावर. कट्ट्याच्या मागच्या भिंतीला टेकवला की टाइल्स लखलखीत, पण विळी अर्धवट अंधारात. भिंतीपासून फूटभर पुढे, म्हणजे वरच्या कपाटाची पुढची कड जिथे येणार तिथे, खाली आणला आणि आत्या म्हणाल्या, "हां. आता देठाजवळचं भोक दिसलं." दुसऱ्या दिवशी वायरमनला तीच जागा दाखवली. त्याने स्वतःचा हात धरून बघितला, मान डोलावली, "हौदु अक्का, वरून टाकलं तर नेरळ बीळतैती," सावली पडते म्हणे. मग आठ दिवे कसे काय सुचवले होते, हे मी विचारलं नाही.

छताला दोनच दिवे ठेवायचे, पंधरा वॉटचे, आणि कपाटाखाली पुढच्या कडेला एलईडी पट्टी, असं ठरलं. पीओपी रद्द झालं, तेवढाच खर्च वाचला.

खडेबाजारात खरेदीला जाताना मी पिशवीत ब्याडगी मिरचीचं तिखट आणि हळदीची पुडी नेली. दुकानदाराला वाटलं असेल, बाई बाजार करून आली. खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं: 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे ट्यूबसारखा निळसर पांढरा, 4000 मधला. 6500 खाली आत्या म्हणाल्या, "दवाखान्यात बसल्यागत वाटतंय की गं." 3000 मध्ये हळद आणि बेसन सारखंच दिसायला लागलं. 4000 घेतला. पण त्याहून महत्त्वाचा निघाला दुसराच आकडा, सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, शंभरपैकी. स्वस्त पट्टीखाली आमचं लालभडक तिखट विटकरी, जुनं झाल्यासारखं दिसलं, 90 च्या पट्टीखाली लाल ते लाल. कुंदा आटवताना खवा नेमका कधी उतरवायचा ते रंगावरच कळतं, त्यामुळे इथे मी पैशाकडे बघितलं नाही.

जुनं वायरिंग लाकडी पट्ट्यांवरचं, अर्थिंग नाही. ते सगळं काढलं. दिव्यांना दीड एमएमची वायर, फ्रिज-मिक्सरच्या पॉइंटला वेगळी जाड वायर, आणि मेनजवळ 30 मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. ओल्या हाताने बटणं दाबणारी माणसं घरात असताना यावर वाद घालू नये.

चूक झाली ती पुढेच. कपाटवाला यायच्या आधी टाइल्स बसल्या आणि पट्टीसाठी काढलेली वायर कपाटाच्या तळापेक्षा चार इंच खाली आली. टाइल्सच्या मधोमध उंदराच्या शेपटीसारखी लोंबत होती. दोन टाइल्स फोडल्या. कपाटाचं माप कागदावर आल्याशिवाय भिंतीत पाईप घालू नका. टाइल्सवाला, वायरमन आणि सुतार तिघं एकाच दिवशी एका खोलीत उभे राहिले असते तर हे झालंच नसतं, पण बेळगावात लग्नाच्या दिवसांत तसं जमवणं म्हणजे तिथी काढण्यासारखं आहे.

पट्टी 12 व्होल्टची, दर मीटर लांबीला साडेनऊ वॉटच्या आसपास. आमचा कट्टा एलच्या आकाराचा, मिळून साडेचार मीटर, म्हणजे साधारण 43 वॉट. अडॅप्टर 60 वॉटचा घेतला, काठोकाठ चालवला तर तापतो. वायरमनने आधी सगळी पट्टी एका टोकाकडून जोडली, तेव्हा दुसरं टोक मिणमिणतं दिसलं. पट्टीतला तांब्याचा पदर पातळ, 12 व्होल्ट टोकापर्यंत पोचेतो उतरतात. मग अडॅप्टर कोपऱ्यातल्या कपाटात, गॅसपासून लांब ठेवून दोन्ही बाजूंना वेगवेगळी जोडणी दिली. आता सारखं दिसतं.

दिवा लावला आणि सगळे गप्प झाले. काळ्या पॉलिशच्या ग्रॅनाइटमध्ये पट्टीतला एकेक ठिपका उमटला होता, शेकडो ठिपके, मोत्याची माळ सोडून दिल्यासारखे. मुलीला फार आवडलं. मला पाच मिनिटांत गरगरायला लागलं. परत दुकानात जाऊन ॲल्युमिनियमची पन्हळ आणि वर दुधी झाकण आणलं. उजेड थोडा कमी झाला, पण ठिपके जाऊन एक सलग रेघ झाली. शिवाय फोडणीची चिकट वाफ आता त्या झाकणावर बसते, ओल्या फडक्याने निघते. नुसत्या पट्टीवर बसली असती तर पुसणार कशी?

मामांना काळजी गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची. सरासरी वापराच्या बाहेर गेलो तर शून्य बिल जाईल म्हणून ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सगळे दिवे मिळून 73 वॉट, दिवसाला चार तास, महिन्याला नऊ युनिटंसुद्धा होत नाहीत. जुनी ट्यूब आणि तिचा चोक मिळूनच पन्नासेक वॉट खायचे, आणि ती दिवसभर चालू असायची. मामांनी हिशोब दोनदा केला, मग चष्मा काढून ठेवला. पट्टीचं बटण वेगळं, छताचं वेगळं, आणि पट्टी इन्व्हर्टरवर. पावसात झाड पडून लाईट गेली तरी स्वयंपाक अडत नाही.

एकच राहून गेलं. सिंक खिडकीखाली आहे, तिथे वर कपाट नाही, म्हणून पट्टीही नाही. संध्याकाळनंतर भांडी घासताना अजून तीच जुनी सावली. भिंतीवर एक छोटा दिवा लावायचा ठरलंय, पॉइंट काढून ठेवलाय. वायरमन गणपती झाल्यावर येतो म्हणाला होता. काल फोन केला तर म्हणतो, "अक्का, दसरा होऊ दे की."