तुम्ही त्यांना विचारता का?

अंधारातल्या सार्वजनिक जागांची तीनशे साठ अंशांची छायाचित्रे मी २०१३ पासून करते आहे, आणि तेव्हापासून हा एकच प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे: चित्रात येणाऱ्या माणसांना मी आधी विचारते का? कार्यशाळेत तो विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, आणि गेल्या पावसाळ्यात तर दाताच्या डॉक्टरांनी माझे तोंड उघडे असताना तो विचारला, म्हणजे उत्तर देण्याची सोयच ठेवली नाही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असते. मी कशी चाचपडते ते पाहायचे असते. तरी माझे घाटाचे चित्र पाहून तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. सरळ उत्तर असे की नाही, विचारत नाही. निदान तुमच्या मनात आहे त्या अर्थाने विचारत नाही.

आधी माझी बाजू ऐका. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर मी ट्रायपॉड लावते, तेव्हा सभोवार सहा, वर एक आणि खाली एक अशा आठ चौकटी घेऊन नंतर त्या एका चित्रात जोडाव्या लागतात. पणतीची ज्योत पांढरी फटक होऊ नये आणि तिच्या मागची पायरीही काळी ठिक्कर पडू नये म्हणून प्रत्येक दिशेला दोन, आठ आणि तीस सेकंदांची तीन एक्स्पोजर लागतात, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा उजेड आत घेत राहतो. म्हणजे एका दिशेला ४० सेकंद आणि आठ दिशांना ३२०; मधला कॅमेरा फिरवण्याचा वेळ वेगळाच. एवढ्या वेळात माझ्या आजूबाजूने शेदोनशे माणसे सहज जातात. त्यांतल्या कोणाला थांबवून विचारायचे? बहुतेकांचा तर चित्रात माग राहत नाही, कारण चालणारा माणूस तीस सेकंदांच्या चौकटीत धुरासारखा विरून जातो. जे थांबलेले असतात त्यांना विचारावे, तर ते सावरून बसतात, पदर नीट करतात, कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि ज्यासाठी मी पहाटे तीन वाजता उठून आलेली असते ते तिथल्या तिथे संपते. शिवाय त्याच घाटावर ड्रोन घिरट्या घालत असतो आणि शेकडो लोक मोबाइलचा नाइट मोड लावून उभे असतात. त्यांना हा प्रश्न कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. ट्रायपॉड दिसला की मात्र सगळ्यांना नीती आठवते.

पूर्वी मी याच्याही पुढे जात असे. २०१६ मध्ये एका कार्यशाळेत मी ठासून सांगितले होते की सार्वजनिक जागेत जिथे कोणाचाही डोळा जाऊ शकतो, तिथे कॅमेरा गेला तर तक्रार कसली. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. माणूस केवळ सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेला असतो, असेही त्या निकालपत्रात म्हटले आहे. मी ते वाचले होते. तो खटला आधारवरून उभा राहिला होता, म्हणून हे सरकारला उद्देशून आहे, ट्रायपॉडवाल्या बाईला नाही, असे मी सोयीस्करपणे ठरवून टाकले. आणखी एक कबुली इथेच देऊन टाकते. मी बाई असल्यामुळे घाटावर, जत्रेत, किंवा पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे जमणाऱ्या गर्दीत माझा कोणाला संशय येत नाही. माझ्या जागी एखादा पुरुष असता तर त्याला याचे उत्तर पहिल्याच वर्षी द्यावे लागले असते. मला ते सहा वर्षे टाळता आले.

आता २०१९ ची गोष्ट. ती कोणाची आहे हे कळू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत.

त्या वर्षी ऑगस्टच्या महापुरात तो घाट पाण्याखाली गेला होता, त्यामुळे १२ नोव्हेंबरच्या पहाटे लोक नेहमीपेक्षा जास्त हौसेने आले होते असे मला वाटले. कदाचित मीच तशा नजरेने पाहत असेन. चार वाजून गेले होते. पायऱ्या पणत्यांनी भरल्या होत्या. पौर्णिमेला कसला काळोख, असे तुम्ही म्हणाल; पण चांदणे जितके लख्ख तितकी देवळांची सावली काळी असते, आणि पणत्यांकडे पाहून दिपलेल्या डोळ्यांना त्या सावलीत काहीही दिसत नाही. मी पाण्याजवळच्या एका लहान देवळाच्या बाजूला ट्रायपॉड लावला, आठ दिशा घेतल्या, आणि अर्ध्या तासाने दिवे मंदावल्यावर त्याच जागेवरून पुन्हा आठ घेतल्या.

दोन दिवसांनी संगणकावर चौकटी जोडायला बसले तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या जोडावर मला एक बाई दिसली. देवळाच्या सावलीत, भिंतीला टेकून, एकटी बसलेली. समोर एकच पणती, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून तिच्यापुढे धरलेला हात. आसपासची सगळी माणसे विरून गेली होती आणि ही तेवढी जशीच्या तशी उरली होती, कारण ती हललीच नव्हती. तीस सेकंदांत पापणी लवली असेल तर तेवढीच. जोड नेमका तिच्या खांद्यावरून जात होता. सॉफ्टवेअर आपोआप जिथे शिवण घालते तिथे ती राहू दिली असती, तर तिचा अर्धा चेहरा फिसकटला असता आणि पुढचे काहीच घडले नसते. मी मास्क, म्हणजे कोणत्या चौकटीचा कोणता भाग ठेवायचा ते ठरवणारा पडदा, ओढून शिवण बाजूला नेली आणि तिला पूर्ण केली. या कामाला मला चाळीस मिनिटे लागली आणि त्या चाळीस मिनिटांत मी अतिशय आनंदात होते. ती अपघाताने चित्रात आली, असे मी म्हणू शकत नाही ते यामुळे.

माझ्या लेन्सवर पूर्ण चित्र १४,००० पिक्सेलांच्या आसपास रुंद होते, म्हणजे एका अंशाला चाळीसएक पिक्सेल. चार-पाच मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यात नव्वद-शंभर पिक्सेलांचा पडतो. अनोळखी माणसासाठी तो एक चेहरा; घरच्या माणसाला मात्र ओळख पटायला त्याच्या निम्मे पिक्सेलही पुरतात. हा हिशेब मला तेव्हाही येत होता. मी तो चित्राच्या स्पष्टतेसाठी मांडत असे.

तीन आठवड्यांनी चित्रातल्या त्या बाईचा फोन आला, आणि त्यानंतरच्या रविवारी ती घरी आली. पन्नाशीच्या आतबाहेरची असावी. तिचे यजमान श्रावणात गेले होते. वर्षाच्या आत घरात सण नव्हता, दिवाळीलाही दारात पणती लागली नव्हती, आणि ते योग्यच आहे असे तीही मानत होती. पण दर त्रिपुरीला नवराबायको दोघे घाटावर जात, म्हणून त्या पहाटे कोणाला न सांगता ती आली होती. मी प्रसिद्ध केलेले चित्र फिरत फिरत त्यांच्या नात्यातल्या मोबाइलच्या गटावर पोहोचले. जाऊबाईंनी दोन बोटांनी ते मोठे केले, फिरवले, पुन्हा मोठे केले. त्यानंतर घरात काय झाले ते तिने दोन वाक्यांत सांगितले आणि मी ते इथे लिहिणार नाही.

मी अगदी तयारीने बसले होते. सार्वजनिक जागा, दोनशे माणसे, कलेचा हेतू, सगळे ओठांवर होते. तिने त्यातले काहीच काढले नाही. चहाला हात न लावता तिने विचारले, "ताई, तुम्ही मला बघितलं होतं काय?"

मी म्हणाले, नाही, त्या वेळी तुम्ही मला दिसला नव्हता. दोन दिवसांनी संगणकावर दिसलात. मला वाटले की हे ऐकून तिला बरे वाटेल, म्हणजे मी काही रोखून पाहत नव्हते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तेच तर. तुम्ही हातभर अंतरावर उभ्या होता, तुम्हालासुद्धा दिसले नाही. मला माहीत होतं इथं कोणाला दिसणार नाही. अंधार होता म्हणून तर बसले होते."

चित्रातून तुम्हाला काढते, असे मीच म्हणाले. तिने मागितले नव्हते. "आता काढून काय, ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं," असे ती म्हणाली. तरीही मी काढले. अर्ध्या तासानंतरच्या चौकटींत ती उठून गेलेली होती, त्यामुळे तो तुकडा तिथून घेता आला. त्यात पणती अजून तेवत होती. तुम्ही पाहिलेल्या चित्रात देवळाच्या सावलीत जी एकटी पणती आहे आणि जिच्याविषयी तुम्ही इतके चांगले बोलता, ती ही.

"जिथे डोळा जातो" हे माझे वाक्य त्या दिवसापासून मला वापरता आलेले नाही, कारण डोळा तिथे गेलाच नव्हता. डोळा प्रकाश साठवत नाही. कॅमेरा तीस सेकंद साठवतो आणि नव्हता तो उजेड निर्माण करतो. भर दुपारी महाद्वार रोडवर चालणाऱ्या माणसाला आपण दिसतो आहोत हे माहीत असते, आणि समोर कॅमेरा आला तर तो तोंड तरी फिरवतो. अंधारात बसलेल्याने आधीच तोंड फिरवलेले असते. त्यात माझ्या कॅमेऱ्याला पाठ नाही. तो कोणाकडे रोखलेला आहे हे कोणालाच कळत नाही, कारण तो सगळ्यांकडेच रोखलेला असतो.

आणि दीर्घ एक्स्पोजर माणसे निवडते, हेही मला उशिरा कळले. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये वाहती वर्दळ सगळी नाहीशी झाली आणि बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा ओळखू येण्याइतका उरला, कारण तो एका जागी उभा होता. छायाचित्रात आलेला बहुधा तो पहिला माणूस, आणि तो कोण होता हे आजही ठाऊक नाही. हे उदाहरण मी कार्यशाळेत गंमत म्हणून सांगत असे. आता सांगताना अडखळते. घाटावर पहाटे चार वाजता तीस सेकंद न हलता कोण बसते? हौशी माणूस बसत नाही. म्हातारे बसतात, थकलेले बसतात, झोपलेले असतात, आणि ज्यांचे कोणी गेले आहे ते बसतात. गर्दी पुसून माझा कॅमेरा नेमकी हीच माणसे ठेवतो.

मग सगळ्यांनाच पुसून टाका, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. करून पाहिले. माणसे काढलेला घाट चित्रात सुंदर दिसतो आणि तो धडधडीत खोटा असतो. त्रिपुरीला रिकामा घाट कोणी पाहिला आहे? चेहरे धूसर करावेत, तर पाहणाऱ्याची नजर आधी त्या धूसर ठिपक्यांवरच जाते, जणू त्या माणसांनी काही गुन्हा केला आहे. सध्या मी ट्रायपॉडच्या पायाला एक छोटा कंदील बांधते, म्हणजे कॅमेरा कुठे आहे हे तरी कळते, आणि आठ-दहा मीटरच्या आतल्या बसलेल्या माणसांशी आधी जाऊन बोलते. कंदिलाचा उजेड खालच्या चौकटीत नारिंगी डागासारखा येतो आणि चित्र बिघडवतो. काही जण उठून दूर सावलीत जाऊन बसतात, आणि तिथेही ते चित्रातच असतात, फक्त लहान होतात. ही व्यवस्था पुरेशी आहे असे मला वाटत नाही, पण हे काम सोडावे असेही वाटत नाही, आणि सोडावे असे वाटत नाही याची लाजही पुरेशी वाटत नाही.

तिच्यासह पूर्ण केलेली मूळ फाइल माझ्या हार्ड डिस्कवर अजून आहे. मी केलेल्या चित्रांत ते सर्वांत चांगले आहे. ती फाइल आहे का, हे तिने मला कधी विचारले नाही, आणि ठेवू का, हे मीही तिला विचारलेले नाही.