आईच्या फायलीत नसलेला कागद

मे महिन्यात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी लॅबमध्ये सकाळच्या प्लेट्स वाचत होते. आईला थंडी वाजून ताप भरला होता, लघवीला जळजळ होत होती, म्हणून त्याने तिला हॉस्पिटलात नेलं होतं. तिथे ऍडमिट करताना पहिल्या काही प्रश्नांतच विचारलं, गेल्या दोन महिन्यांत दुसऱ्या देशात हॉस्पिटलमध्ये होता का? त्याने खरं ते सांगितलं. एप्रिलमध्ये सांगलीत चार दिवस, याच त्रासासाठी. झालं, आईला थेट वेगळ्या खोलीत हलवलं. आत येणारा प्रत्येक जण गाऊन, मास्क, ग्लोव्हज चढवून येणार. नाकातून, घशातून, गुदद्वारातून स्वॅब घेतले.

"ताई, आपण भारतातून आलो म्हणून हे चाललंय," तो म्हणाला. फार दुखावला होता. आई तर नुसती रडत होती. परका मुलूख, भाषा येत नाही, आणि सत्तरीच्या बाईला खोलीत एकटं ठेवलेलं.

मला त्या प्रश्नाचं मोल माहीत होतं. हॉस्पिटलातून औषधांना न जुमानणारे जंतू माणसासोबत येऊ शकतात. पुण्यात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. मी त्याला म्हटलं, आधी फाईल उघड आणि युरीन कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट शोध. डिस्चार्ज कार्ड होतं, सोनोग्राफी होती, ईसीजी होता, मेडिकलची बिलंसुद्धा नीट लावलेली. कल्चर नव्हतं.

सांगलीच्या नर्सिंग होमला फोन लावला. रिपोर्ट आला होता, आईला घरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हापासून काउंटरच्या खणात पडून होता. आम्हाला कोणी कळवलं नाही. कल्चरला दोन-तीन दिवस लागतातच. तोवर पेशंटचा ताप उतरलेला असतो, कॉट दुसऱ्या कुणाला हवी असते. हे मी आतून जाणते, तरी राग आला. तिथल्या बाईंनी लगेच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला.

ई. कोलाय, ईएसबीएल. सेफिक्झिम आर, सेफोटॅक्सिम आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर. मेरोपेनेम एस. म्हणजे आतड्यात राहणारा ई. कोलाय जंतू, आणि तोही ईएसबीएल, बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारं एन्झाइम बनवणारा. आर म्हणजे औषध चालत नाही, एस म्हणजे चालतं.

अशी प्लेट मी जवळजवळ रोज हातात धरते. पिवळसर आगरवर औषधाच्या छोट्या पांढऱ्या चकत्या ठेवून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं, तेच आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. ईएसबीएलवाल्या जंतूंच्या प्लेटवर सेफोटॅक्सिमच्या चकतीला अगदी खेटून जंतूंची साय आलेली असते. मोजायला काही उरतच नाही.

आणि मग आठवलं. आईच्या बॅगेत सेफिक्झिमची एक स्ट्रिप मी स्वतःच्या हाताने ठेवली होती, "तिकडे चटकन मिळत नाही, असू दे" म्हणून. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. लाल रेघ होती त्यावर. 2014 पासून शेड्यूल एच-वनच्या औषधांना हा नियम आहे: चिठ्ठी बघायची, रजिस्टरला नोंद करायची, मगच द्यायचं. मीही चिठ्ठी दिली नाही, दुकानदारानेही मागितली नाही. ताप आल्यावर आईने तिथे तीन गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनी त्या जंतूंचं काहीच बिघडलं नसणार. मेले असतील ते पोटातले साधे जंतू, आणि या दांडग्यांना जागा मोकळी झाली असेल. ही चूक माझी, आणि ती मला अजून सलते.

भावाने फोटो डॉक्टरांना दाखवला. त्यांनी त्याच दिवशी औषध बदलून मेरोपेनेम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

स्वॅबमध्येही ईएसबीएल निघाला. भाऊ अजून घुश्शात होता. तेव्हा तिथल्या नर्सने त्याला सांगितलं की हीच वेगळी खोली त्यांच्या गावाकडच्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांनाही मिळते, कारण तिथल्या डुकरांमध्ये एमआरएसए हा औषधांना न जुमानणारा दुसरा जंतू सापडतो. ऍडमिट करताना जिवंत डुकरं, वासरं, कोंबड्यांशी संबंध येतो का, हेही विचारतात. हे ऐकल्यावर त्याचा आवाज निवळला.

2010 मध्ये एनडीएम-वनवरून, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली औषधं निकामी करणाऱ्या एन्झाइमवरून, आपल्याकडे केवढं वादळ उठलं होतं. दिल्लीत ऍडमिट होऊन 2008 मध्ये स्वीडनला परतलेल्या, मूळ भारतीय असलेल्या पेशंटच्या लघवीत ते एन्झाइम बनवणारा क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडला, आणि एन्झाइमला नवी दिल्लीचं नाव लागलं. नावाचा राग मलाही आला होता. पण 2010 च्याच मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्वतःहून छापलं होतं की कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये त्यांना एनडीएम-वन मिळाला. नावावर भांडण्यात आपण ते बाजूला टाकलं. हे एन्झाइम बनवणारा जीन प्लास्मिडवर, म्हणजे जंतूमधल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर, बसून एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत जातो. त्याला व्हिसा लागत नाही, आजारी माणूसही लागत नाही. नेदरलँड्समधल्याच अभ्यासात प्रवासाआधी आणि नंतर लोकांच्या शौचाचे नमुने तपासले होते. दक्षिण आशियातून परतलेल्यांपैकी 75 टक्के लोक ईएसबीएलवाले जंतू नव्याने घेऊन आले होते. प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका जास्त होता. 2017 मध्ये छापलेलं हे वाचलं, तेव्हा त्यात मला आईची बॅग दिसली नव्हती.

म्हणून तुमच्या घरातलं कुणी मुलांकडे परदेशी निघालं असेल, तर एवढं करा. वर्षभरात ऍडमिट झाले असतील तर कल्चर पाठवलं होतं का ते विचारा, आणि रिपोर्ट फायलीत सगळ्यांत वर लावा. तिकडे विचारलं तर लपवू नका. उलट आपणहून सांगा. आणि परदेशात उपचार घेऊन इकडे येणाऱ्यांनी इथेही सांगा, कारण आपल्याकडे हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

आई जुलैअखेर येतेय. तिथल्या डिस्चार्जच्या कागदांसोबत स्वॅबचे रिपोर्ट इंग्रजीतून मागून घ्यायला भावाला सांगितलंय. एक प्रत सांगलीच्या त्या बाईंना पाठवणार आहे. आईची फाईल त्यांच्याकडेही आहे.