पाय नंतर बघा, चोच आधी

पाणथळीवरचे पक्षी ओळखायला लागलेला माणूस आधी पायांचा रंग बघतो आणि तिथेच फसतो. चिखलाने माखले की पिवळे, हिरवट, लालसर सगळेच पाय करडे दिसतात. पक्षी पोटापर्यंत पाण्यात असेल तर पायांची लांबीही कळत नाही.

म्हणून आधी चोच. ती डोक्याच्या लांबीशी ताडायची: डोक्याएवढी, दीडपट की दुप्पट? मग बाक. उचाट्याची चोच वर वळलेली, कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेलची खाली. कर्ल्यूच्या पिल्लाची चोच आखूड असते, त्यामुळे या दोघांत लांबीवर विसंबू नका. डोक्यावर गडद-फिकट पट्टे असले तर व्हिम्ब्रेल.

त्यानंतर चाल. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. कॉमन सँडपायपर शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवतो, आणि त्याच्या छातीच्या कडेने पांढरा रंग पंखापुढे पाचरीसारखा वर घुसलेला असतो.

खरी डोकेदुखी ग्रीन आणि वुड सँडपायपरची. दोघांचीही कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा पाठीचा भाग, पांढरी. बसलेले असताना भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ बघा: ग्रीनची डोळ्यापुढेच संपते, वुडची डोळ्यामागेही जाते, आणि वुडच्या पाठीवर ठिपके ठळक असतात. उडाले की पंखांची खालची बाजू: ग्रीनची जवळजवळ काळी, वुडची फिकट. हे दिसायला दोन-तीन सेकंदच मिळतात, तेव्हा दुर्बीण आधीच डोळ्याला हवी. लाल पायांच्या टिलव्याचंही तसंच. पाय बरबटलेले असोत, उडताना पंखाच्या मागच्या कडेचा रुंद पांढरा पट्टा लपत नाही.

बगळ्यांत छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. पंजे गाळात असतील तर तो उडेपर्यंत थांबा. मोठा आणि मध्यम बगळा चोचीच्या रंगावरून वेगळे करायला जाऊ नका, विणीच्या काळात तो बदलतो. जबड्याची रेघ, म्हणजे चोचीच्या फटीतून मागे जाणारी रेघ बघा: मोठ्याची डोळ्याच्याही मागे जाते, मध्यमची डोळ्याखाली थांबते.

एकट्या पक्ष्याचा आकार अंदाजाने ठरवू नये, शेजारी ओळखीचा शेकाट्या किंवा टिटवी असेल तर त्याच्याशी तुलना करा. रफ हा पक्षी मात्र तिथेही चकवतो. नर मादीपेक्षा बराच मोठा, आणि पाय हिरवट, पिवळे, नारिंगी, कुठलेही.