वितळतार

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात मीटरच्या लाकडी फळीवर चिनीमातीचे दोन पांढरे फ्यूज होते. त्यांना सगळे किटकॅट म्हणत. शासकीय परिभाषेत फ्यूजसाठी 'वितळतार' असा एक देखणा शब्द आहे, पण तो मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. फ्यूज आपल्याकडे 'उडतो'. एका अर्थी ते चूकही नाही. भार थोडासाच जास्त असेल तर तार सावकाश तापून वितळते, मात्र दोन वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाला की ती खरोखरच उडते आणि चिनीमातीवर काजळीचा काळा फराटा ठेवून जाते. बाबा तो फराटा पाहूनच काय झाले असावे ते सांगत. फराटा नसेल तर म्हणत, "कूलर चालू असताना इस्त्री कोणी लावली?"

नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत हा प्रश्न घरात रोज विचारला जाई. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकलेला, वाळ्याच्या ताट्या तासाभरात सुकणाऱ्या, आणि अशा दुपारी पंख्याचा आवाज एकाएकी मंदावत मंदावत थांबला की आतून आईचा आवाज येई, "लाइन गेली का रे?" मग बाबा उठत आणि मेन स्विच खाली ओढून किटकॅट उपसत. भिंतीवरच्या घड्याळामागे फ्यूज वायर गुंडाळलेले पुठ्ठ्याचे कार्ड खोचलेले असे. त्यातली वीतभर तार तोडून ती स्क्रूभोवती अशा दिशेने गुंडाळायची की स्क्रू आवळताना ती आत ओढली जाईल, बाहेर निसटणार नाही. तार ताणायची नाही, कारण ताणली की ती बारीक होते आणि मग वेळेआधीच जाते. हे सगळे मी टॉर्च धरता धरता शिकलो. टॉर्च हलला की शिव्या बसत.

आमच्या वाड्यातल्या एका बिऱ्हाडाला रोजच्या या उपद्व्यापाचा कंटाळा आला. त्यांनी जुन्या वायरीतले तांब्याचे पाच-सहा पदर पिळून फ्यूजमध्ये बसवले आणि मोठ्या समाधानाने जाहीर केले, की आता हा उडायचे नाव काढणार नाही. तो खरोखरच उडला नाही. तार जाड केल्याने घराचा भार काही कमी झाला नव्हता. तापण्याची जागा तेवढी बदलली होती. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि ती उष्णता आता फळीवरच्या उघड्या तारेऐवजी भिंतीच्या पट्टीतल्या जुन्या वायरीत साठू लागली. पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून जळक्या रबराचा वास येऊ लागला, तेव्हा सगळ्या वाड्याचा मेन स्विच पाडावा लागला.

पुढे आम्ही मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि फळीची जागा पत्र्याच्या पेटीने घेतली. तिच्यात ओळीने एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारे छोटे स्विच बसवलेले. ही कल्पनाही तशी जुनीच आहे. जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टोत्झ यांच्या कंपनीने या छोट्या स्वयंचलित स्विचचे पेटंट १९२४ साली घेतले. बोटभर रुंदीच्या त्या डबीत दोन पहारेकरी असतात. एक सावकाश आहे: दोन धातूंची जोडपट्टी, जी जास्तीच्या भाराने तापत तापत वाकते आणि कळ सोडवते. दुसरी तारेची गुंडाळी, जी शॉर्टच्या प्रचंड प्रवाहाने लोहचुंबक होऊन डोळ्याचे पाते लवायच्या आत तीच कळ ओढते. डबीवर 'सी १६' असे लिहिलेले असते, त्यातला १६ हा अँपिअरचा आकडा सर्वांना ठाऊक असतो. 'सी' कडे मात्र कोणी बघत नाही. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. त्या धक्क्याला शॉर्ट समजू नये म्हणून सी जातीच्या एमसीबीची गुंडाळी नेमून दिलेल्या प्रवाहाच्या ५ ते १० पटींच्या दरम्यान हलते. बी जातीची ३ ते ५ पटींतच हलते, त्यामुळे मोठ्या मोटरवर ती लावली, तर काही बिघडलेले नसतानाही खटका खाली पडू शकतो.

पण माणसाचा जीव वाचवणे हे एमसीबीचे काम नव्हे, ते वायरीला जपते. नागपूरकराने ही गोष्ट कूलरपाशी उभे राहून समजून घ्यावी. लोखंडी टाकी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडालेला पंप, आणि ओल्या फरशीवर अनवाणी पायांनी पाइप धरून उभा असलेला माणूस. त्याच्या अंगातून १०० मिलिअँपिअर प्रवाह गेला तर त्याचे हृदय थांबू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या लेखी तो एकशेसाठावा हिस्सा आहे. दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून कोणीतरी दगावल्याची बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांत येतेच.

हे काम आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती पकडणाऱ्या स्विचचे. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून तेवढाच परत येतो की नाही, एवढाच हिशेब ती सतत ताडून पाहते. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरची तूट आढळली की ती ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. आमच्याकडे ती एका मे महिन्यात रोज संध्याकाळी पडू लागली. सकाळी ठीक, दुपारी ठीक, संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरले की पाच मिनिटांत खट्! इलेक्ट्रिशियन आला, पेटी उघडून त्याने मान हलवली आणि म्हणाला, "भाऊ, हीच खराब आहे. हिला वगळून डायरेक्ट करून देऊ का? कटकट संपली." उकाड्यात तीन रात्री काढलेल्या माणसाला हा सल्ला किती गोड वाटतो, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. मी 'हो' म्हणणारच होतो, तेवढ्यात मला ते पाच-सहा पदर आठवले.

मग आम्ही दोघांनी सगळे एमसीबी पाडून एकेक वर केले आणि दोषी कूलरच निघाला. पण तो संध्याकाळीच का? पंपाच्या वायरीला टाकीच्या आत एक जोड होता, काळी टेप गुंडाळलेला. टाकी अर्धी असताना तो जोड पाण्याच्या वर लोंबकळत असे. काठोकाठ भरली की बुडे. टेपखालून पाझरणारी वीज पाण्यातून टाकीच्या पत्र्यात आणि तिथून अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जात होती. बिचारी आरसीसीबी रोज खरे तेच सांगत होती.

त्यात आमचे नशीब असे, की इमारतीचे अर्थिंग जिवंत होते. कोळसा आणि मीठ घालून पुरलेला तो खड्डा उन्हाळ्यात सुकतो, आपल्याकडची काळी माती भेगाळते, आणि कोरड्या मातीत वीज सहज उतरत नाही. आमचा चौकीदार झाडांना पाणी घालताना एक बादली त्या खड्ड्यातही ओततो. तो खड्डा कोरडा असता, तर पाझरलेली वीज टाकीच्या पत्र्यात पाइप धरणाऱ्याची वाट पाहत थांबली असती.

टीव्ही आणि राउटर यांचे दुखणे आणखी निराळे आहे. गल्लीतला न्यूट्रल तुटला, की २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब घरात येऊ शकतो, आणि एमसीबी ते निर्विकारपणे आत सोडतो, कारण त्याचा हिशेब दाबाचा नाही. त्यासाठी दाबावर नजर ठेवणारे वेगळे उपकरण लागते. वळवाच्या विजा कडाडल्या की येणारा क्षणिक लोंढा स्पाइक गार्डमधली झिंक ऑक्साइडची चकती अंगावर घेते. असे बरेच घाव सोसून ती निकामी झाली, तरी तिच्या डबीवरचा लाल दिवा खुशाल पेटलेला राहू शकतो. संगणकाच्या यूएसबी खाचेमागे पुष्कळदा असतो तो पॉलिफ्यूज मला सर्वांत आवडतो. तो तापला की फुगतो, वीज अडवून धरतो, आणि गार झाला की आपणहून पुन्हा कामाला लागतो. त्याला ना तार लागते, ना टॉर्च धरणारा मुलगा.

आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे एक छोटे बटण असते. ते दाबले की ती स्वतःच थोडीशी वीज मुद्दाम पाझरवून आपली कळ अजून सुटते की नाही ते दाखवते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्टुलावर चढून ते दाबतो. खट् आवाज होतो, पंखे मंदावत थांबतात, आणि आतल्या खोलीतून आई विचारते, "लाइन गेली का रे?"