चौकटीतली दहा नावं

४ मार्च २०२२, शुक्रवार. क्रीडा पानावर आधीच जागा नव्हती. मोहालीत विराटची शंभरावी कसोटी सुरू झाली होती, पंत ९६ वर बाद झाला होता, न्यूझीलंडमध्ये महिलांच्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला होता. त्यात सकाळी ऑस्ट्रेलियाचे जुने यष्टिरक्षक रॉडनी मार्श गेल्याची बातमी आली. मी मार्शवर तीनशे शब्द लिहून पान लावणाऱ्याकडे दिले होते.

संध्याकाळी टीव्हीसमोरून कुणीतरी ओरडलं, "वॉर्न गेला!" मी जागेवरूनच म्हटलं, "अरे, वॉर्न नाही, मार्श." तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी उठून पडद्यासमोर गेलो.

शेन वॉर्न. थायलंडमध्ये. वय ५२.

त्याच सकाळी त्याने ट्विटरवर मार्शना श्रद्धांजली वाहिली होती आणि ते वाक्य माझ्या कॉपीत होतं. पान परत मागवलं आणि 'वॉर्न म्हणतो'चं 'वॉर्न म्हणाला होता' केलं. एवढ्या एका दुरुस्तीला मला किती वेळ लागला ते माझं मला ठाऊक.

डाक आवृत्तीला, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाला, पाऊण तास उरला होता. वृत्तसंपादकांनी पहिल्या पानावर बातमी घेतली आणि आमच्याकडे चौकट मागितली: ऑस्ट्रेलियाचे सर्वकालीन दहा क्रिकेटपटू. "वॉर्नला एक नंबर देऊन टाका, आजच्या दिवशी कोण विचारणार आहे?" असंही म्हणाले. ते मला पटलं नाही. माणूस गेला म्हणून दिलेला क्रमांक त्याचा नसतो.

एक नंबरवर वाद होऊच शकत नाही. ब्रॅडमन: ५२ कसोटी, ६९९६ धावा, सरासरी ९९.९४. पहिल्या आणि दुसऱ्यात एवढं अंतर असलेला खेळाडू मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसत नाही. खरी लढाई पुढच्या जागेसाठी.

आमचे सर चाळीस वर्षं क्रिकेट लिहिणारे. त्यांचा माणूस कीथ मिलर. युद्धात विमान उडवून आला, फलंदाजीत ३७ ची सरासरी आणि गोलंदाजीत २३ ची. "असा दुसरा दाखव. आणि वॉर्नचं मला सांगू नकोस. १९९८ साली ब्रेबॉर्नवर सचिनने त्याला कसा फोडला ते मी बघितलंय. १६ षटकं, १११ धावा, बळी शून्य." आकडा बरोबर होता. भारताविरुद्धच्या १४ कसोटींत वॉर्नला ४३ बळी मिळाले, तेही ४७ च्या सरासरीने.

मी म्हटलं, "सर, वेगवान गोलंदाज लिली भारतात एकही कसोटी खेळला नाही. ब्रॅडमन इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया सोडून कुठेच कसोटी खेळला नाही. जे आलेच नाहीत त्यांचे गुण शाबूत, आणि वॉर्न आला म्हणून त्याचे कापायचे?" १९९२ साली सिडनीत पदार्पण, शास्त्रीने द्विशतक ठोकलं, वॉर्नच्या नावापुढे १५० धावांत एक बळी. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या गॅटिंगचा त्रिफळा उडवणारा तो गाजलेला चेंडू. सगळ्यांना वेगवान गोलंदाजच हवे होते त्या काळात मनगटाने चेंडू फिरवणं परत आणलं या माणसाने. कसोटीत एकूण ७०८ बळी. २००० साली विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने शंभर जाणकारांना शतकातले पाच क्रिकेटपटू विचारले, तेव्हा शंभरही मतं ब्रॅडमनला पडली, आणि पाचांत दुसरा ऑस्ट्रेलियन एकच होता: वॉर्न. मोहालीत ४५ वर नाबाद राहिलेल्या जडेजालासुद्धा २००८ च्या आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सचा कर्णधार असलेल्या याच वॉर्नने हाताशी धरलं होतं.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग स्वतःच दोन नंबरपुढे वॉर्न लिहिलं. मिलर तीनवर.

पुढची नावं पटापट पडली: मॅकग्रा, गिलख्रिस्ट, लिली, बॉर्डर, पाँटिंग, ओरायली. दहावा स्टीव्ह वॉ. मी कागद उचलला, तेवढ्यात महिला विश्वचषकाची कॉपी करणारी आमची ट्रेनी म्हणाली, "सर, यात एकही बाई नाही. एकदिवसीयमधलं पहिलं द्विशतक कुणाचं? बेलिंडा क्लार्कचं. नाबाद २२९, १९९७ साली. तेही इथेच, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर."

"डेन्मार्कविरुद्ध," सर म्हणाले.

"हो, डेन्मार्कविरुद्ध. पण ब्रॅडमनने १९४७-४८ च्या मालिकेत आपल्याविरुद्ध ७१५ धावा काढल्या. तेव्हा आपला संघ कसा होता? त्या धावा कोण वजा करतं? आणि दोन विश्वचषक जिंकलेली कर्णधार आहे ती."

तिच्या बोलण्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिचं म्हणणं खरंच होतं, आणि चूक आमची होती. मुंबईत राहून, त्या मैदानावरून शंभरदा जाऊन हे नाव आम्हाला सुचलं नाही. पेन माझ्या हातात होतं. दहा हजारांवर धावा असलेल्या स्टीव्ह वॉवर रेघ मारणं सोपं नव्हतं. मारली. बाजूला लिहिलं, 'बेलिंडा क्लार्क', आणि चौकटीत तिच्या नावाखाली 'नाबाद २२९, वांद्रे' हे शब्द मुद्दाम ठेवले.

चौकट वाढल्यामुळे मार्शचं मॅटर कापावं लागलं. तीनशेचे ऐंशी शब्द झाले. शतक गेलं, ९६ कसोटी गेल्या. पान लावणारा म्हणाला, अजून दोन ओळी जास्त आहेत. मी त्याला मथळा लहान करायला सांगितला. कारण त्या दोन ओळींत लिलीच्या गोलंदाजीवर मार्शने घेतलेले ९५ झेल होते.