दोन तोळे शिसं

त्या शनिवारी माझी मान वळली ती आवाजामुळे. सकाळचे साडेसहा, बाहेर धो-धो पाऊस, तिसऱ्या कोर्टवर मल्टीशटल, म्हणजे एकामागून एक शटल मारायचा सराव, चालू. स्मॅश नीट बसला की हॉलमध्ये टण् असा कोरडा आवाज घुमतो. सतरा वर्षं पुण्यात बॅडमिंटन शिकवतोय, त्यामुळे पाठ असली तरी कोण मारतंय ते कळतं. आमच्या डावरीचा आवाज त्या दिवशी थप्प येत होता, ओली चादर झटकल्यासारखा.

डावरी म्हणजे तेरा वर्षांची, डावखुरी आणि पक्की हट्टी. महिन्यापूर्वी मीच तिला जड रॅकेट दिली होती. तिची नेहमीची रॅकेट ८० ते ८४ ग्रॅमची, दुकानात जिला फोर-यू म्हणतात ती. सरावाची ही १२० ग्रॅमची. शटल मारायचं नाही, नुसती शॅडो, म्हणजे हवेतच फटके, वीस-वीसचे तीन सेट. खांदा आणि कोपरापुढचा हात तयार व्हावा एवढाच हेतू. आमच्या वेळी यासाठी वेगळी रॅकेट नव्हती. कव्हर चढवूनच शॅडो करायचो, ते हवेला अडायचं. एखादा कुणाची तरी स्क्वॅशची रॅकेट मागून आणायचा. तर, तिला सांगितलं आणि मी बाकीच्या अठरा पोरांत बुडालो. महिनाभर ती नेमकं काय करतेय, हे एकदाही शेजारी उभं राहून पाहिलं नाही.

"काय गं, झोप झाली नाही का?"

"झाली की! उलट सर, आज रॅकेट इतकी हलकी वाटतेय ना, पीस धरल्यासारखी. आत्ताच जडवालीने शॅडो करून आले."

मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून तिचे दहा स्मॅश टिपले. सेकंदाला २४० चित्रं. एप्रिलमधली तिचीच क्लिप माझ्याकडे होती. रॅकेट पाठीमागे लोंबते तिथपासून शटलला लागेपर्यंतची चित्रं मोजली. एप्रिलमध्ये २६ होती, आज ३१, म्हणजे हात मंदावला होता. पीस म्हणे!

बेसबॉलवाले बॅटला जड कडं अडकवून हात मोकळा करतात आणि मग ते काढून खेळायला उतरतात. त्यावर मोजमापं झाली तेव्हा हेच दिसलं होतं: बॅट हलकी वाटते, पण वेग वाढत नाही, कधी कधी घटतोच. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असून पोरीला काही बोललो नव्हतो.

पण तेवढ्याने पाच चित्रांचा फरक पडेल हे मला पटेना. तिला म्हटलं, मारायच्या तयारीत उभी राहा. मागून जाऊन रॅकेटचं डोकं धरलं आणि हलकेच ओढलं. सैल मुठीतली रॅकेट अशा वेळी सुरळीतून उदबत्ती निघावी तशी निघून येते. हिची हलेचना. बोटांची पेरं पांढरी पडलेली, अंगठा दांड्यात रुतलेला.

मनगटाने मार, मनगटाने मार, असं सगळे ओरडतात. खरा जोर खांद्यातून दंड फिरतो आणि पुढचा हात पिळला जातो त्यातून येतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी मूठ आवळली जाते त्यातून. मूठ आधीपासूनच आवळलेली असेल तर शेवटी आवळायला उरतं काय? जड रॅकेट हातातून निसटू नये म्हणून महिनाभर ती घट्ट धरत आली होती, आणि तीच मूठ हलक्या रॅकेटवरही चिकटली.

१२० ग्रॅमला मात्र एवढी मूठ लागत नाही. तिची बॅग उघडली. जड रॅकेटच्या डोक्यावर पारदर्शक टेपखाली करड्या पट्ट्या. शिसं!

"आजोबांनी लावलंय," ती पुटपुटली. "लवकर ताकद येईल म्हणून."

आजोबा गॅलरीत पेपर वाचत होते. रविवार पेठेत चाळीस वर्षं सराफी केलेला माणूस. पट्ट्या इतक्या एकसारख्या कातरलेल्या होत्या की राग यायच्या आधी कौतुकच वाटलं.

"अहो सर, आम्ही लाकडी रॅकेटने खेळलोय. रात्री चौकटीच्या प्रेसमध्ये आवळून ठेवायचो, नाहीतर वाकडी व्हायची. नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकले ते काय या काड्यांनी?"

"आजोबा, नाटेकरांचं नाव निघतं ते नजाकतीसाठी, ताकदीसाठी नव्हे."

हे काही त्यांना रुचलं नाही. मग हॉलच्या शिपायाकडून हातोडी मागवली. म्हटलं, दांड्याला धरून फिरवा, आता उलटी करून लोखंडाला धरून फिरवा. वजन तेच ना? त्यांनी दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली आणि मुकाट्याने बाकावर ठेवली. वजन मुठीपासून दुप्पट लांब गेलं की ते फिरवायला चौपट जड होतं. त्यांनी शिसं लावलं होतं ते रॅकेटच्या पार टोकाला.

मग मी पोरीचं कोपर बाहेरच्या बाजूने दाबलं. ती ओरडली नाही, फक्त ओठ आत घेतला.

"कधीपासून?"

"पंधरा दिवस."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, सुरुवातीला हात दुखेल."

म्हणालो होतो. दंड भरून येणं निराळं आणि कोपराच्या हाडाशी ठणकणं निराळं, हे सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी तिचा सराव तिथेच थांबवला, फिजिओकडे पाठवलं, आणि तीन आठवडे ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरून मारायचे फटके, बंद केलं. नेटजवळचा खेळ तेवढा चालू, तोही फिजिओला विचारून. जड रॅकेट आता माझ्या कपाटात असते. मंगळवारी काढतो, दहा संथ शॅडो माझ्यासमोर, आणि त्या दिवशी स्मॅश नाही. प्रत्येकाची मूठ आधी ओढून बघतो, पोरं त्याला 'उदबत्ती' म्हणतात.

आजोबांनी तिथेच नखाने टेप सोडवून पट्ट्या काढल्या. खिशातून डबीएवढा काटा निघाला. धंदा सोडला तरी ही सवय सुटली नव्हती. पट्ट्या त्यावर ठेवल्या, चष्मा कपाळावर सरकवला.

"वीस ग्रॅम. दोन तोळे," ते म्हणाले आणि थोडा वेळ नातीच्या कोपराकडे बघत राहिले. मग पेपरचा कोपरा फाडून शिशाची नीट चौकोनी पुडी बांधली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.